नावे घेऊन केलेली उपकारस्तुती : नगरच्या पहिल्या मंडळीची वाटचाल

स्तोत्रसंहितेतील १३६ व्या स्तोत्रात सव्वीस वचने आहेत. प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच, पूर्वार्ध मात्र दर वेळी नवा. आधी आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र. मग मिसर देश, तांबडा समुद्र, रानातली वाट. आणि मग चक्क नावे येतात : अमोऱ्यांचा राजा सीहोन, बाशानाचा राजा ओग. देवाने आम्हांला शत्रूंपासून राखले, एवढे म्हणून स्तोत्रकर्त्याला पुढे जाता आले असते. तो गेला नाही. कोणता शत्रू, कोणती वाट, कोणते पाणी, हे सगळे देवाला ठाऊक असूनही त्याने ते देवापुढे उच्चारले, कारण शेजारी उभ्या असलेल्या लेकराबाळांना ते ठाऊक नव्हते.

वर्धापनदिनाच्या आपल्या प्रार्थनांत ही रीत अलीकडे मागे पडली आहे. ‘आजवर केलेल्या अनंत उपकारांबद्दल’ असे म्हणून आपण लगेच विनंत्यांकडे वळतो. अनंत म्हटले की एकेक आठवण्याची गरजच उरत नाही. म्हणून उपकारस्तुतीसाठी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाताशी असावा, अशा बेताने मंडळीचा हा इतिहास लिहीत आहे. सगळे काही यात नाही. देवापुढे नाव घेऊन बोलावे असे मला ज्याबद्दल मनापासून वाटते, तेवढेच आहे.

आपल्या मंडळीची कथा नगरच्या आधी मुंबईच्या बंदरात सुरू होते. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. दोघांना देश सोडण्याचे हुकूम झाले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी अर्जविनंत्या केल्या आणि पुष्कळ ओढाताणीनंतर त्यांना राहू दिले गेले. त्यांच्याच तुकडीतल्या सॅम्युएल न्यूवेल यांची पत्नी हॅरिएट हिला या देशात काम करायला मिळालेच नाही. १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशस बेटावर तिचे निधन झाले. ती एकोणीस वर्षांची होती. न्यूवेल पुढे मुंबईस आले आणि १८२१ साली पटकीने गेले. गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडे दौऱ्यावर होते. तिकडे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्यांनी लोकांना वाटून संपवले, आणि परतीच्या वाटेवर, एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीत, त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. वय एक्केचाळीस. ज्या मराठी नव्या करारासाठी ते झटले, तो त्याच वर्षी छापून निघाला.

या तेरा वर्षांत बाप्तिस्मे जवळपास नव्हतेच. अहवाल लिहिणाऱ्याला हा काळ अपयशाचा वाटेल. मला तो उपकारस्तुतीतला पहिला विषय वाटतो. फळ हाती येत नसताना ही माणसे मराठी शिकत राहिली, शाळा उघडत राहिली, वचनाचे भाषांतर करत राहिली. त्यांच्या हातून निघालेला नवा करार पुढे नगरला आला, म्हणून नगरची मंडळी झाली.

१८३१ च्या डिसेंबरात अ‍ॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी हे तिघे घाट चढून नगरला आले. त्यांच्याबरोबर चौथा माणूस होता, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा : बाबाजी रघुनाथ. जन्माने ब्राह्मण, आणि मुंबईत ख्रिस्ताकडे वळलेले. हर्वी काही महिन्यांतच, १८३२ साली, पटकीने वारले. काम थांबले नाही, याचे बरेचसे श्रेय बाबाजींचे आहे. त्या वेळी नगरला आंधळे, पांगळे, वृद्ध आणि निराधार लोकांसाठी एक अनाथगृह होते. छावणीतल्या इंग्रज अंमलदारांच्या देणग्यांवर ते चाले. बाबाजी तिथे बसत, वचन वाचून दाखवत, प्रार्थना करत. आपल्या मंडळीचे अगदी सुरुवातीचे सभासद या दुर्बळांतून आले.

१८३३ साली मंडळीची स्थापना झाली आणि त्याच वर्षी बाबाजींनाही पटकीने नेले. हॉलिस रीड यांनी त्यांचे चरित्र लिहिले. ते १८३६ साली न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले आणि नगरच्या एका मराठी माणसाचा विश्वास अमेरिकेतल्या घरांत वाचला गेला. पण चरित्र बाबाजींचे झाले. ज्यांच्यापुढे ते बसत, त्या आंधळ्यापांगळ्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. मंडळीचा पाया कोणी घातला, असे कोणी विचारले तर आपण मिशनरींची नावे सांगतो, आणि ती सांगावीतच. मात्र प्रार्थनेत पहिला मान त्या अनाथगृहातल्या माणसांना द्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. मंडळीला देण्यासारखे त्यांच्यापाशी काहीही नव्हते, आणि तरी प्रभूने आपली मंडळी त्यांच्यापासून सुरू केली.

सिंथिया फरारबाईंबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे. न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरो गावच्या या बाई १८२७ साली मुंबईत आल्या. लग्न न झालेल्या बाईने एकटीने समुद्र ओलांडून परमुलखात काम करायचे, ही गोष्ट त्या काळी अमेरिकेतही नवी होती. १८३९ मध्ये त्या नगरला आल्या आणि १८६२ साली इथेच त्यांनी देह ठेवला. मधली सगळी वर्षे मुलींच्या शाळांत गेली. मुलगी शाळेत पाठवा म्हणून दारोदार जायचे, आलेली मुलगी चार दिवसांनी लग्नासाठी काढून नेली की पुन्हा नव्याने सुरुवात करायची. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन फरारबाईंची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडले जाते. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना आपल्या गावाचा हा उल्लेख अनेकदा एका ओळीत उरकला जातो. आपण तरी तो तसा उरकू नये. ज्या घरांत आज मुली डॉक्टर, प्राध्यापिका, परिचारिका आहेत, त्या घरांनी वर्धापनदिनी या बाईंचे नाव देवापुढे घ्यावे.

हेन्री बॅलंटाइन १८३५ साली या देशात आले आणि पुढे नगरचेच झाले. १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ निघाला तो त्यांच्या काळात. मराठीतल्या अगदी जुन्या नियतकालिकांत त्याची गणना होते आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ तो चालला. त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ होईल, म्हणून इथे एवढेच.

आता ज्या घटनेला मी मंडळीच्या इतिहासाचे मधले शिखर मानतो, तिच्याकडे येतो. हरिपंत खिस्ती यांचा बाप्तिस्मा १८३९ साली नगरला झाला. नगरसारख्या गावात ब्राह्मण घरातला तरुण ख्रिस्ती होणे म्हणजे घर, नाते, जात, पाणवठा, सगळे एका दिवसात परके होणे. रामकृष्णपंत मोडक यांनीही तीच वाट धरली. पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, या दोघांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली आणि नगरच्या मंडळ्यांची जबाबदारी त्यांच्या हाती आली. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन त्याच हिवाळ्यात इथे आले होते. मंडळीचा पाळक तिच्याच लोकांतला असावा, तिचा खर्च तिनेच उचलावा आणि तिचा कारभार तिच्याच सभेने चालवावा, असे त्यांचे ठाम मत होते. आपली परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नाही, निर्णय सभासदांच्या सभेत. त्यामुळे हा विचार इथे रुजायला जमीन तयार होती. गोऱ्या मिशनरीच्या जागी मराठी पाळक व्यासपीठावर उभा राहिला, आणि मंडळी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आपली झाली.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पाळक दोघेही ब्राह्मण घरातले. मंडळीत मात्र महार समाजातून आलेल्यांची संख्या वाढत होती. प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांनी एकाच मेजाशी यायचे आणि एकाच प्याल्यातून घ्यायचे. ज्या गावात एकाच्या सावलीचा दुसऱ्याला विटाळ होत होता, त्या गावात हे घडत होते. अमेरिकन बोर्डाच्या इथल्या शाखेने, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनने, मंडळीत जातीला थारा द्यायचा नाही, असे ठरवले होते. तो नियम कागदावर सोपा होता. तो पाळताना एकेका माणसाच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना आज आपल्याला नीट येणार नाही. त्या प्याल्याबद्दल मी देवाचे आभार मानतो, आणि त्याच श्वासात कबूल करतो की प्याला एक झाला तरी सोयरीक जुळवताना जात पुष्कळ दिवस आपल्या घरांतून गेली नाही. उपकारस्तुती खरी असेल तर तिच्यात पश्चात्तापालाही जागा असते. एकाला गाळून दुसरी करता येत नाही.

नगरच्या भोवती राहुरी, वडाळा, शिंगवे, खोकर, सात्रळ अशा गावांत मंडळ्या झाल्या. वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला. राहुरीस डॉ. बॅलंटाइन यांनी दवाखाना चालवला. त्या खेड्यांतला खरा भार मात्र शाळामास्तराने वाहिला. सोमवार ते शनिवार तो बाराखडी शिकवी आणि रविवारी त्याच खोलीत भक्ती चालवी. आजाऱ्यापाशी तोच, मयतीला तोच, पाटलासमोर अर्ज लिहून द्यायलाही तोच. त्याच्या जोडीला बायबलबाई असे. घराघरांत जाऊन ती बायकांना वचन वाचून दाखवी, आणि वाचून दाखवता दाखवता कित्येकींना वाचायला शिकवी. जी स्त्री स्वतः वयात आल्यावर अक्षरे शिकली, तिनेच दुसरीला शिकवावे, याहून मोठा चमत्कार मी नगर जिल्ह्याच्या इतिहासात पाहिला नाही.

मंडळीचे गाणे कसे बदलत गेले, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सुरुवातीची गीते हेन्री बॅलंटाइनसाहेबांची. त्यांची मराठी चांगली होती आणि भाव खरा होता, पण चाली पाश्चात्त्य. खेड्यातला माणूस ती गीते आदराने म्हणे, शेतात गुणगुणत नसे. १८६० नंतरच्या काळात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, मृदंग, वीणा, अभंग आणि साकी यांत येशूची कथा आली, तेव्हा रात्र रात्र लोक बसू लागले. जे वाद्य देवळापुढे वाजे, ते भक्तीत कसे चालेल, अशी शंका काही जणांना होती. कीर्तन ऐकल्यावर ती फार काळ टिकली नाही.

मग नारायण वामन टिळक आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या इच्छेप्रमाणे एतद्देशीय पाळकाच्या हातून, आणि त्यानंतर नगर हे त्यांच्या कामाचे ठिकाण झाले. आपल्या ‘उपासना संगीता’त त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. ज्ञानोबा-तुकोबांची वाट धरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते मानत. म्हणून त्यांच्या गीतांत मराठी माणसाला परके काही सापडत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे येशूच्या पायांशी बसायला जागा होती. मिशनच्या चाकोरीत हे बसणारे नव्हते आणि त्यावर वाद झाले. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. लग्नानंतर मोठ्या कष्टाने लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईने नवऱ्याचे महाकाव्य पुढे लिहिले आणि ‘स्मृतिचित्रे’ही दिली. नगरच्या ख्रिस्ती घरांतले हसणे, भांडणे, दुष्काळातली पोरे, प्लेगचे दिवस हे सगळे त्या पुस्तकात आहे. मंडळीची कार्यवृत्ते वाचून जे कळत नाही, ते ‘स्मृतिचित्रां’त कळते.

दुष्काळाचा विषय टाळून हा इतिहास पुरा होत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि पुन्हा १८९९-१९०० चा. पहिल्यानंतर गावोगावच्या मंडळ्या झपाट्याने वाढल्या. दुसऱ्यात आईबाप गेलेल्या मुलांना मिशनच्या आवारात आणले गेले. रॉबर्ट ह्यूम यांनी त्या काळात जे काम केले, त्याबद्दल सरकारने त्यांना १९०१ साली कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. ह्यूम यांचा जन्म मुंबईचाच, १८४७ चा, आणि १८७४ पासून पन्नासहून अधिक वर्षे ते नगरचे होते. मुलांना नुसते जेवण देऊन भागणार नव्हते, हात शिकवावे लागणार होते. सुतारकाम, विणकाम, गालिचे यांच्या शाळा निघाल्या. हातमागात सुधारणा करणारे डी. सी. चर्चिल त्याच काळातले.

आपल्या पूर्वजांना पुढे पुष्कळ वर्षे ऐकवले गेले की तुम्ही भाकरीसाठी ख्रिस्ती झालात. त्या बोलण्याने आपल्यातले कितीतरी जण खाली मान घालत आले. मला त्यात मान खाली घालण्यासारखे काही दिसत नाही. इस्राएल लोक रानात भुकेले होते आणि देवाने त्यांना मान्ना दिला. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी पापक्षमेच्या आधी येते. भुकेल्या पोराला ज्याने जेवू घातले त्याच्या देवाचे नाव त्या पोराने आयुष्यभर घेतले, मुलांना शिकवले आणि पुढच्या दुष्काळात स्वतःच्या ताटातले दुसऱ्याला दिले. त्या भाकरीबद्दल वर्धापनदिनी मोठ्याने आभार मानावेत.

पुढचे थोडक्यात. डॉ. ज्युलिया बिसेल यांनी बायकामुलांसाठी उभारलेले रुग्णालय पुढे मुक्तिफौजेकडे गेले आणि आज ते ईव्हँजेलिन बूथ रुग्णालय म्हणून चालते. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या संयुक्त मंडळीत एकत्र आल्या, त्यांत मराठी मिशनच्याही होत्या. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची, विणकरांची, मजुरांची मुले तिथे शिकली, आणि त्यांतली बहुतेक ख्रिस्ती नव्हती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. या जोडण्यांतून आनंदाइतकेच मतभेद आणि मालमत्तेचे वादही आले. त्यांचा निवाडा करण्याचे हे ठिकाण नाही.

वर्धापनदिनाच्या भक्तीत चालावी म्हणून ही प्रार्थना जोडत आहे. ज्याला जे नाव वाढवायचे असेल, त्याने वाढवावे.

हे स्वर्गीय पित्या, मॉरिशसच्या मातीत राहिलेल्या हॅरिएटबद्दल आणि नाशिकच्या वाटेवर पडलेल्या गॉर्डन हॉलबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. अनाथगृहातल्या आंधळ्यापांगळ्यांना तू आमच्या आधी बोलावलेस, त्यांच्याबद्दल आणि त्यांच्यापाशी बसणाऱ्या बाबाजींबद्दल. फरारबाईंच्या शाळेत पहिल्या दिवशी घाबरत आलेल्या मुलींबद्दल. घरदार सुटलेल्या हरिपंत आणि रामकृष्णपंतांबद्दल. एका प्याल्याबद्दल, आणि त्या प्याल्याचा आम्ही जिथे अपमान केला तिथे तू आम्हांला टाकून दिले नाहीस, याबद्दल. खेड्यातल्या मास्तरांबद्दल, बायबलबायांबद्दल, दुष्काळातल्या भाकरीबद्दल. सांगळ्यांच्या वीणेबद्दल, टिळकांच्या गीतांबद्दल, लक्ष्मीबाईंच्या लेखणीबद्दल. पुण्या-मुंबईस आणि परदेशी गेलेल्या आमच्या मुलांना आपली मंडळी आठवू दे. ज्या खेड्यांत आज रविवारी दहा-बारा माणसेच जमतात, तिथे पाळक पाठव आणि तिथल्या म्हाताऱ्यांना एकटे पडू देऊ नकोस. आमच्या मंडळीतले वाद मिटवायला आम्हांला नम्र कर, आणि आज नगरच्या रस्त्यावर जो आंधळा, जो पांगळा, जो भुकेला आहे, त्याच्यापाशी जाऊन बसणारा एखादा बाबाजी आमच्यातून उभा कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.